सुरमईचा डावा डोळा

हलीमाआपांइतकं घाबरट माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, आणि मी स्वतः काही शूर नाही. विजेला त्या घाबरत, कुत्र्याला घाबरत, तालुक्याहून आलेल्या फोनला तर इतक्या घाबरत की फोन उचलायच्या आधी डोक्यावरची ओढणी सारखी करत. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीत बसल्या की दोन्ही हातांनी कठडा धरायच्या, डोळे मिटायच्या आणि पलीकडचा धक्का लागेपर्यंत ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटायच्या. जन्म सगळा खाडीच्या काठी गेलेला, नवऱ्याची तीस वर्षं आखातात जहाजावर गेलेली, आणि ह्या बाईंचे डोळे मिटलेले.

एकदा मी चेष्टेने म्हटलं, "आपा, बोट बुडायचीच असेल तर डोळे मिटून काय उपयोग?"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "उगडं ठेवलं तर दिसंल ना, बाई."

मी मूळची साताऱ्याकडची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती दिघीजवळच्या एका लहान गावात. शाळा म्हणजे दोन खोल्या. एकीत माझी पहिली ते चौथी, दुसरीत आपांची अंगणवाडी. मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे माझे पाढे तिकडे आणि त्यांची गाणी इकडे अशी देवाणघेवाण दिवसभर चालायची. माझा नवरा पनवेलला कंपनीत, शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. आमची ओवी तेव्हा तीन वर्षांची होती. ती आपांच्या खोलीत बसणार हे ओघानंच आलं.

पहिल्या दिवशी ओवी काखेत लाल मोटार घेऊन गेली. बापाने पनवेलहून आणलेली, चांगली महागाची. आपांनी ओवीला जवळ घ्यायच्या आधी मोटार जवळ घेतली. उलटी केली, एकेक चाक पिळून पाहिलं. तिसरं चाक सुटून त्यांच्या हातात आलं. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेली एक चांदीची बांगडी त्यांनी बाहेर काढली. तान्ह्या बाळाच्या मनगटात असते तेवढी. चाक त्यांनी तिच्यावर धरलं आणि सोडलं. ते अलगद आरपार गेलं.

"ह्या बांगडीतनं जी वस्तू जाते, ती पोराच्या घशात जाते," त्या मला म्हणाल्या. "मोटार घरी न्या, बाई. आनि चाक कुलपात ठेवा."

चाक कुलपात! मी मोटार घेऊन परत आले ती धुसफुसतच. डी.एड. मी केलेलं, बालमानसशास्त्राचा पेपर मी दिलेला, आणि ह्या बाई मला चाक कुलपात ठेवायला सांगतात. चाक मी रागाने खिडकीत टाकून दिलं. संध्याकाळी मात्र गुपचूप उचलून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. आपांच्या भीतीचं हे असं होतं, तिची लागण व्हायची.

बांगडीतून न जाणाऱ्या वस्तूंची खेळणी करणं हे त्यांचं आयुष्याचं काम. वरून आलेल्या खेळण्यांच्या पेटीत सफरचंद, हत्ती आणि आगगाडी होती. आमच्या मुलांनी आगगाडी पाहिलेली नव्हती, तिला ती सरळ "लांबडी बोट" म्हणायची. तेव्हा आपांनी पुठ्ठ्याची खरीच बोट केली, तोंडाशी दोरीने खाली पडणारी फळी असलेली, आणि आत काड्यापेट्यांच्या मोटारी. भरतीला किनाऱ्यावर रबरी चपला वाहून येतात, कायम एकाच पायाच्या. त्या गोळा करून आपा सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, आणि धारदार सुरीने त्यांतून गोल, चौकोन, होडी, पान असे आकार कापायच्या. ज्या चपलेतून होडी निघाली त्याच चपलेत ती परत बसायची, दुसरीत नाही. मुलं तासन्‌तास चपलांशी झगडत बसायची. शेजारच्या पडवीतले म्हातारे आपांना विचारायचे, "दुसऱ्या पायाचं काय केलांस गो, हलीमा?"

सगळ्यांत लाडके म्हणजे त्यांचे कापडी मासे. जुन्या लुंग्यांचे आणि ओढण्यांचे शिवलेले, आत धुतलेल्या चिंध्या ठासून भरलेल्या. मांदेली, बोंबील, बांगडा, पापलेट आणि सुरमई. लहानमोठं म्हणजे काय हे आमच्या मुलांना ह्या पाच माशांनी शिकवलं. ती त्यांना ओळीने मांडायची, टोपलीत भरायची, खोटा लिलाव करायची. प्रत्येक मासा आपा आधी उकळत्या पाण्यात बुचकळायच्या, पिळायच्या, चार बाजूंनी ओढायच्या आणि शेवटी स्वतःच्या तोंडात घालून दाढेखाली चावायच्या. अंगणवाडीच्या पायरीवर बसून, पन्नाशी उलटलेली बाई गंभीर चेहऱ्याने कापडी पापलेट चावते आहे, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. "टाका निघला का ते जिभंला कळतां," त्यांनी मला समजावलं. माशांना डोळे होते ते काळ्या दोऱ्याने भरलेले. मणी नाही, गुंडी नाही, टिकली नाही.

आणि दुपारी एक वाजता खेळणी पत्र्याच्या डब्यात परत टाकताना मोजणी. चपलेचे तुकडे किती, मोटारी किती, मासे किती. आपा मोठ्याने म्हणायच्या, मुलं त्यांच्यामागून ओरडायची. एक जरी कमी भरला तरी कोणाला घरी सोडायचं नाही. आया दारात तिष्ठत उभ्या राहायच्या.

ह्या सगळ्यामागे काहीतरी जुनं दुःख असणार, असं मला वाटायचं. एखादं मूल गेलं असेल, डोळ्यांदेखत काही घडलं असेल. एक दिवस मी विचारलंच. आपा चपला पुसत होत्या. त्यांनी जरा चमकून माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय गो. अल्लाच्या मेहेरबानीनं कायपन झालेलां न्हाय."

"मग एवढं भ्यायचं कारण काय?"

"कारन कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "पोरां हायेत ना."

पण ही घाबरट बाई भीती विसरते कधी, ते मला एकदा दिसलं. तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले होते. आपा सकाळपासून तीनदा तोंड धुऊन आलेल्या. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नांना त्या इतक्या हळू उत्तरं देत होत्या की मला भिंतीपलीकडून त्यांचं भाषांतर मोठ्याने करावं लागत होतं. साहेबांनी लिहिण्यासाठी पेन काढलं आणि टोपण सहज बाकावर ठेवलं. बाकाला धरून एक दीड वर्षांचं पोर उभं होतं. आपांनी झडप घातली, टोपण उचललं, आणि साहेबांच्या खिशात स्वतःच्या हाताने खोचलं. वर म्हणाल्या, "हितं ठेवाचा न्हाय." मग आपांना आपण काय केलं ते कळलं आणि त्या जागच्या जागी खाली बसल्या. साहेब गेल्यावर मी त्यांना साखर घालून पाणी दिलं.

आता जे सांगायचं ते सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी अलिबागला अंगणवाड्यांच्या हातच्या खेळण्यांचं प्रदर्शन भरलं. आपा जायला तयार नव्हत्या. मीच त्यांच्या मागे लागले, खेळणी मीच पिशवीत भरून घरी नेली, आणि आदल्या संध्याकाळी मांडून पाहिली. मासे मला आंधळे दिसले. दोऱ्याचे डोळे जवळून छान वाटत, लांबून दिसतच नसत. आमच्याकडे बेंदराच्या सणाला मातीचे बैल करतात आणि त्यांना गुंजेचे डोळे लावतात. लाल चुटूक, मध्ये काळा ठिपका. असा डोळा लावला की मातीचा बैल जिवंत होतो. इथे तर शाळेच्या कुंपणावरच गुंजेचा वेल होता आणि शेंगा उकलून लाल दाणे दिसत होते. मी मूठभर तोडून आणल्या. शिवाव्यात म्हणून एका गुंजेत सुई घालून पाहिली, ती इतकी कठीण की सुई वाकली. मग गोंदाने चिकटवल्या. पाच मासे, दहा डोळे. सुरमई माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच खूश झाले.

गुंज विषारी असते हे मला ठाऊक नव्हतं असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ठाऊक होतं. लहानपणी बेंदराचे बैल आम्हाला हातात देताना आई दर वर्षी बजावायची. पण प्रदर्शन टेबलावर होतं आणि टेबलापाशी लहान मुलं नव्हती.

अलिबागला आपांनी पिशवी उघडली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, ह्यं डोळं कुनी लावलं?"

"मी. छान दिसतात ना?"

"ही गुंज हाय. हिच्यात इख असतां."

"आपा, इथे कोण खातंय? परत गेलं की रविवारी काढून टाकते."

त्यांनी प्रत्येक डोळा नखाने हलवून पाहिला. पक्के होते. लोक बघत होते, परीक्षक येत होते, त्यांना त्या सगळ्याचीच भीती वाटत होती. "आयतवारी नक्की काडा," एवढंच त्या म्हणाल्या. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ.

रविवारी नवरा घरी होता. बाकीची खेळणी आपा घेऊन गेल्या होत्या, माशांची पिशवी माझ्या खाटेखाली होती. मी काढले नाहीत. सोमवारी शाळेत गडबड होती, माझी मुलं कवायतीसाठी बाहेर रांगेत उभी होती, आणि ओवी पलीकडच्या खोलीत कधी पळाली ते मी पाहिलं नाही. तिच्या काखेत खाटेखालच्या पिशवीतली सुरमई होती.

त्या दिवशी आपा मुलांची वजनं करत होत्या. मासे माझ्याकडे आहेत अशीच त्यांची समजूत. एक वाजता मोजणी सुरू झाली. चपला झाल्या, मोटारी झाल्या, आणि मग भिंतीपलीकडचा आवाज बंद पडला. मी जाऊन पाहिलं तर आपा जमिनीवर बसलेल्या, मांडीवर सुरमई. उजवा डोळा जागेवर होता. डाव्या डोळ्याच्या जागी गोंदाचा सुकलेला डाग.

अकरा मुलं होती त्या दिवशी, ओवी धरून.

आम्ही खोली झाडली. चटया झटकल्या. दारातली वाळू पिठाच्या चाळणीने चाळली. मुलांचे खिसे, केस, मुठी पाहिल्या. ओवीला विचारलं तर ती म्हणाली, "सुरमईने डोळा मिटला." दुसऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "मी खाल्ला." मग सगळेच म्हणायला लागले, मी खाल्ला, मी खाल्ला, आणि हसायला लागले. त्यांना तो खेळ वाटला.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मी फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. गुंजेचं कवच कठीण असतं. अख्खी गिळली तर बहुतेक वेळा अख्खीच बाहेर पडते, काही होत नाही. चावली गेली असेल किंवा कवच फुटलेलं असेल तर मात्र फार वाईट. लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही, दिवस-दोन दिवसही जातात. तीन दिवस मुलांवर नजर ठेवा, रोज शी तपासा, उलटी झाली की क्षणभर न थांबता घेऊन या. तोवर मुलांना इथे तपासून घ्या.

कवच फुटलेलं असेल तर. मला ती वाकलेली सुई आठवली. दहातल्या कोणत्या गुंजेवर मी सुई टेकवली होती? आणि ती आत गेली होती का? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

"आपा," मी म्हटलं, "आधी सगळं नीट शोधू. संध्याकाळपर्यंत बघू. उगाच गावात घबराट कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओढणी घेतली, चपला घातल्या आणि निघाल्या. मी मागून.

दहा घरं. प्रत्येक दारात त्या उभ्या राहिल्या, हात जोडले आणि तेच वाक्य बोलल्या: "माज्या डब्यातनं एक गुंज गेलीय. कुनाच्या पोटात गेली त्यां म्हाईत न्हाय." माज्या डब्यातनं. मी त्यांच्यामागे दोन पावलांवर होते. प्रत्येक घरी मला वाटायचं, आता बोलू. प्रत्येक घरी मी ते पुढच्या दारावर ढकलत होते. नसरीन नावाच्या मुलीचं दोन वर्षांचं बाळ अंगणवाडीत यायचं. तिची सासू, जिला अख्खं गाव खाला म्हणतं, ती ओट्यावरून ओरडली, "बावीस वर्सां पोरां सांबाळतंस ना तू? शरम न्हाय वाटत?" आपा मान खाली घालून ऐकत राहिल्या. शरम मला वाटत होती. मी तेव्हाही गप्पच राहिले. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत भेकड काम, आणि मी ते दहा वेळा केलं.

आरोग्य केंद्रात त्याच दुपारी अकराही मुलं तपासली. सगळी ठणठणीत. ओवी टेबलावर उड्या मारत होती.

मंगळवारी अंगणवाडीत एकही मूल आलं नाही. आपांनी खोली उघडली, झाडली आणि घरोघर फिरायला लागल्या. कोणाला जुलाब? कोणाला ताप? शी झाली का, पाहिली का? आया दारातून उत्तरं देत होत्या, कोणी आत बोलावत नव्हतं. अकराच्या सुमारास सुगंधा धावत शाळेत आली. तिचा साईराज, त्या अकरांतलाच, चार वर्षांचा, त्याला दोन उलट्या झाल्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणाले, इथे नको, मोठ्या दवाखान्यात न्या.

मोठा दवाखाना खाडीपलीकडे. बोट सुटायच्या बेतात होती, आपांनी धक्क्यावरून ओरडून ती थांबवली. त्यांचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. सुगंधाने साईराजला मांडीवर घेतलं होतं, आपा समोर उकिडव्या बसल्या होत्या, आणि मी बाजूला. खाडी त्या दिवशी खवळलेली, बोट हेलकावे खात होती. आपांचे हात कठड्यावर नव्हते. त्यांचे डोळे टक्क उघडे होते, साईराजच्या तोंडावर. त्याची पापणी लवली तरी त्या दचकत होत्या. एकदा त्याने डोळे मिटले तर त्यांनी त्याच्या गालावर चापट मारली. "झोपाचा न्हाय, राजा. माज्याकडं बग. माज्याकडं."

मी मनात देवाला सांगत होते की ह्याच्या पोटात नसू दे. आणि मग लक्षात आलं, ह्याच्या पोटात नसेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी असणार. मग मी काहीच मागायचं बंद केलं.

दवाखान्यात त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, साईराजला खोदून खोदून विचारलं. चारच्या सुमारास त्याने कबूल केलं की सगळी मोठी माणसं घाबरून गडबडीत होती म्हणून त्याने आणि त्याच्या भावाने मीठ लावून कैऱ्या खाल्ल्या. किती? दोन्ही हातांची बोटं दाखवली. सुगंधा रडत हसायला लागली. आपा हसल्या नाहीत. त्या कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "आजून दहा," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बुधवारी सकाळी ओवी पॉटवर बसली. मी काडीने बघितलं, दोन दिवस बघत होते तसं. लाल. मी नळाखाली धुतली. लाल, मध्ये काळा ठिपका.

माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या पोटात, दोन दिवस. एका हातात ओवी आणि एका मुठीत ती गुंज, अशी मी अनवाणी आपांच्या घरी धावले. त्या अंगणात भांडी घासत होत्या. मी मूठ उघडली.

त्यांनी विचारलं नाही की कोणाची. ओवीला माझ्या कडेवर पाहून त्यांना कळलंच. चष्मा घातला, गुंज उन्हात धरली, बोटांत फिरवली. ठिपक्याच्या शेजारी एक बारीक टोचा होता. सुईचा.

"आपा, ती मीच..."

"गप ऱ्हावा."

त्यांनी टोच्यावर नख फिरवलं. परत उन्हात धरली. मी ओवीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आत गेली न्हाय," त्या म्हणाल्या. "कातडी फाटलेली न्हाय. अक्की हाय." आणि मटकन खाली बसल्या, ओल्या भांड्यांमध्येच, आणि ओवीचे पाय छातीशी धरून हुंदके द्यायला लागल्या.

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनीही सुटकेचा श्वास टाकला, ओवीला दाखवून जा म्हणाले. मग आपा उठल्या. दहा घरी सांगायला हवं होतं. पहिलं घर नसरीनचं. खाला ओट्यावरच होती.

"गावली," आपा म्हणाल्या.

"कुनाच्या पोटात?"

आपा बोलायच्या आत मी पुढे झाले. "माझ्या ओवीच्या पोटात होती. आणि डोळे मी लावले होते, खाला. आपांनी काढायला सांगितलं होतं. मी काढले नाहीत."

आपा माझ्यावर जन्मात पहिल्यांदा चिडल्या. रस्त्यावर येताच त्यांनी मला दंडाला धरलं. "तुमाला कुनी सांगितला बोलाला? मास्तरीन हाव तुमी! तुमच्यावरचा इस्वास गेला तर ह्या पोरी साळत कोन धाडंल?" मी म्हटलं, जाऊ दे गेला तर. आणि उरलेल्या नऊ घरी मीच बोलले. कोणी शिव्या दिल्या, कोणी दार लावलं, सुगंधाने पाठ फिरवली. आपा माझ्यामागे दोन पावलांवर उभ्या होत्या.

मला वाटलं, संपलं. पण गुरुवारी अंगणवाडी उघडली नाही. शुक्रवारीही नाही. मी आपांच्या घरी गेले तर त्या मागच्या पडवीत बसून माशांची शिवण उसवत होत्या. चिंध्या एका बाजूला, कापड एका बाजूला.

"माज्यानं न्हाय होनार आता," त्या म्हणाल्या. "मना लई भ्या वाटतां, बाई. आदी वाटायचां, पन मोजला की जायाचां. आता मोजून पन जात न्हाय. मी राजीनामा लिवते, तुमी तपासून द्या."

मी रडले, विनवण्या केल्या, दोष माझा आहे हे दहा वेळा सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या आणि टाके कापत राहिल्या.

सोमवारी सकाळी माझ्या वर्गाबाहेर गलका ऐकू आला. अंगणवाडीच्या बंद दारासमोर आया बसल्या होत्या, मांडीवर पोरं घेऊन. सगळ्या नव्हत्या. सात होत्या. सुगंधा होती, साईराज होता. सर्वांत पुढे खाला, नातवाला घेऊन. कोणीतरी आपांना बोलावून आणलं. त्या लांबच थांबल्या.

"चावी आन," खाला म्हणाली.

"मी न्हाय उगडनार, खाला. दुसरी कोन तरी बगा. मना भ्या वाटतां."

"तेच बोलतंय ना मी!" खाला कडाडली. "बावीस वर्सां बगतंय तुला. आता तुज्यापेक्षा जास्ती भेनारी बाय आमी कुटनं आनाची?"

कोणीच हसलं नाही. आपांनी कमरेची चावी काढली. कुलूप चौथ्या प्रयत्नाला उघडलं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, साताऱ्याकडे. निघायच्या दिवशी सामान पुढे गेलं होतं, आधी पनवेलला जायचं म्हणून मी आणि ओवी दिघीच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. आपा येणार नाहीत असं म्हणाल्या होत्या, त्यांना निरोपांचीही भीती वाटायची. पण आल्या. माझ्याशी एक शब्द न बोलता ओवीसमोर उकिडव्या बसल्या.

"आ कर."

ओवीने आ केला. आपांनी तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, जीभ बघितली, टाळा बघितला, बोट घालून दाढा चाचपल्या. भोवती स्कूटरवाले, मासेवाल्या, पर्यटक, सगळे बघत होते. शेवटी त्यांनी बोट पुसलं.

ओवी म्हणाली, "आता तू कर."

आपांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ओढणी बाजूला करून, भर धक्क्यावर, त्यांनी आ केला. ओवी पुढे वाकली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आपांचे निम्मे दात पडलेले होते, तिथे तिने जरा जास्त वेळ घेतला.

"काही नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "सगळं ठीक आहे."

आपांनी तोंड मिटलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा भीती नव्हती. दोन वर्षांत मी तो चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. एखाद्या परकरातल्या पोरीसारख्या दिसल्या त्या मला.

तेवढ्यात भोंगा वाजला. बोटीची फळी खडखडत खाली पडली, स्कूटर सुरू झाल्या, माणसं पुढे रेटली. आपा धडपडत उठल्या आणि जमेल तेवढ्या मोठ्याने माझ्यावर ओरडल्या, "हात धर गो तिचा! हात धर!"